झोपेतला अर्धा रस्ता

स्टार्टर मारला म्हणून गाडी लगेच हलत नाही. आधी टाक्यांत हवा चढावी लागते. डॅशबोर्डावरचा काटा सावकाश वर सरकतो आणि तो पुरेसा वर येईस्तोवर ब्रेक चाकांना घट्ट धरून ठेवतात. बाहेर बडोद्याच्या अमितनगर सर्कलवर त्या वेळी निरोपांची दाटी झालेली असते. कुणी आजीच्या पाया पडतं, कुणी डिकीत गेलेल्या पिशवीकडे वळून वळून बघतं, पुण्याला शिकायला निघालेल्या पोरीला तिचे वडील खिडकीखालून तीच ती सूचना पुन्हा देत राहतात, "पहोंचीने फोन करजे" हे वाक्य दर रात्री नव्या गळ्यातून, पण त्याच ओढीनं कानावर येतं, आणि मी काट्याकडे नजर लावून बसलेला असतो, हवेबरोबर ही सगळी मायाही आत भरून घेत. मग हँडब्रेक सोडतो. बुडाखालून एक लांब उसासा निघतो.

निघालो.

त्या वाट बघण्याच्या वेळातच मी काचेच्या खालच्या कोपऱ्यात मोबाइल अडकवतो, त्याचं तोंड रस्त्याकडे करतो, रेकॉर्डिंग सुरू करतो आणि हात काढून घेतो. मनोरला गाडी दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत त्याला शिवायचं नाही, हा माझा नेम. हल्ली कितीतरी ड्रायव्हर असे व्हिडिओ काढतात. झारखंडचे राजेश रवानी ट्रकच्या मुक्कामात रांधलेल्या जेवणाचे व्हिडिओ दाखवून देशभर ओळखीचे झाले. त्यांची फोडणी तडतडली की मलाही भूक लागते. माझ्या व्हिडिओत मात्र माणूस नाही, जेवण नाही, बोलणंही जवळजवळ नाही. इंजिनाची घरघर, वायपरचा पाऊसभर चाललेला जप आणि पुढ्यात येऊन मागे जाणारा रस्ता. भाच्यानं एकदा सांगितलं की नॉर्वेच्या टीव्हीवर २००९ साली बर्गन ते ओस्लो हा आगगाडीचा सात तासांचा प्रवास असाच्या असा दाखवला होता आणि लाखो लोक तो बघत बसले होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. माणसाला रस्ता बघत बसायला आवडतं. फक्त तेवढा वेळ त्याला कुणी देत नाही.

माझ्या पाठीमागे बर्थांचे पडदे ओढले जातात. एकेक वाचायचा दिवा विझतो. कुणाच्या कानातलं गाणं पडद्याबाहेर थोडं सांडत राहतं, मग तेही थांबतं. या लोकांनी तिकिटाच्या पैशांत जे विकत घेतलंय ते म्हणजे न दिसलेली रात्र: बडोद्यात डोळे मिटायचे आणि पुण्यात उघडायचे. मधलं सगळं त्यांनी माझ्यावर सोपवलेलं असतं. आणि मधलं ते सगळं इतकं सुंदर असतं, इतकं उधळलेलं असतं की एकट्यानं बघताना मला कधी कधी उगाच श्रीमंत झाल्यासारखं, आणि त्याच क्षणी फार एकटं वाटतं.

कपुराई चोकडी सोडली की शहर मागे पडतं. जांबुव्याचा अरुंद पूल, पोर, बामणगाम; तिथं ट्रेलर आणि कंटेनर एकमेकांच्या मागे गुमान उभे असतात, लाल दिव्यांची एक लांब माळ अंधारात लोंबत असते, आणि आम्ही सारे एकाच अवघड जागेतून निघायची वाट बघत असतो. करजणचा टोल नाका. मग दोन्ही बाजूंना कापूस, तूर, मध्येच एखाद्या शेतातला एकुलता एक बल्ब. पालेजनंतर वारा बदलतो. त्यात ओलावा येतो, आणि नदी दिसायच्या आधी तिचा गारवा खिडकीच्या फटीतून माझ्या उजव्या हातावर उतरतो.

नर्मदा.

२०१७ च्या मार्चमध्ये तारांचा हा नवा पूल सुरू झाला. त्याआधी झाडेश्वरच्या बाजूला गाड्या रात्र रात्र अडकून पडायच्या. लोक खाली उतरून नदीकाठच्या वाऱ्यात खारी शेंग खात गप्पा मारत उभे राहायचे. आता सव्वा किलोमीटरहून थोडा लांब असलेला हा पूल मिनिट-दीड मिनिटात संपतो. पण ते मिनिट! हेडलाइटच्या झोतात तारा एकामागून एक उजळतात आणि विझतात, खाली पाणी दिसत नाही, नुसता एक रुंद, श्वास घेणारा काळोख असतो, उजव्या हाताला दूर तिथंच कुठंतरी १८८१ पासून उभा असलेला गोल्डन ब्रिज आहे हे डोळ्यांना नाही तरी अंगाला ठाऊक असतं, आणि मागच्या बर्थांवर निजलेली ती सगळी माणसं, ज्यांतल्या कित्येकांनी जागेपणी या नदीला हात जोडले असते, तिच्यावरून हवेतून तरंगत पलीकडे जातात. त्यांच्या वाटचा नमस्कार मी करतो. मनातल्या मनात, हात स्टिअरिंगवरच राहतात.

पुढच्या अंकलेश्वरचा तो कारखान्यांचा उग्र, घशाला धरणारा वास मात्र व्हिडिओत येत नाही. गणदेवीच्या बाजूनं कधी चिकूच्या वाड्यांचा पिकला, गोडसर वास येतो, तोही नाही. सीटखालून पाठीच्या मणक्यात चढत जाणारी ती बारीक थरथरसुद्धा नाही, जिच्यावरून डांबर नवं की जुनं ते मला कळतं. आणि तरीही व्हिडिओत काहीतरी येतं. काय येतं, ते आईनं मला दाखवलं.

आई दांडिया बाजारात राहते, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. बाबा गुजरात एसटीत ड्रायव्हर होते. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली, त्याच दिवशी गुजरातची एसटीही वेगळी झाली, आणि माझ्या मराठी बाबांनी पुढे सारी नोकरी गुजरातीतल्या पाट्यांच्या गाडीत केली: डभोई, बोडेली, छोटा उदेपूर. घरी आल्यावर ते बोलायचे थोडं. पण चैत्रात छोटा उदेपूरकडून परतले की एकच गोष्ट दर वर्षी नव्यानं सांगायचे, पहाटे महुव्याची फुलं पडलेल्या रस्त्यावरून गाडी नेताना कशी गुंगी येते ती. आई पोळ्या करता करता ऐकायची. तो रस्ता तिनं कधी पाहिला नाही. बाबा गेले आणि महुवा त्यांच्याबरोबर गेला.

दुपारी ती चष्मा लावून माझा व्हिडिओ बघायला बसते. पहिल्यांदा बघताना तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "यात तू कुठं आहेस रे?" मी म्हटलं, "मी मोबाइलच्या मागं, आई." तिचं समाधान झालं नाही. ती पडद्याजवळ वाकून शोधत राहिली. पालेजच्या अलीकडे, जिथं दिवे नाहीत आणि समोरून कुणी येत नाही, तिथं काचेत मीटरचा हिरवट उजेड उमटला आणि त्या उजेडात, धावत्या रस्त्यावर तरंगल्यासारखे, स्टिअरिंग धरलेले दोन फिकट हात. आईनं बोट ठेवलं. म्हणाली, "अंगठे वर काढून धरतोस. ते सायकलचं हँडलसुद्धा असंच धरायचे."

मी रोज रात्री त्या काचेतून बघतो. काचेवर मला माझे हात कधी दिसले नव्हते.

९ जुलै २०२५ च्या सकाळी पादरा तालुक्यातून आणंदकडे जाणारा महीवरचा गंभीरा पूल तुटला. १९८५ सालचा पूल. गाड्या नदीत पडल्या, वीसच्या आसपास माणसं गेली. एक टँकर तुटलेल्या कडेवर तसाच अडकून राहिला, कित्येक दिवस, आणि त्या दिवसांत मी मनानं त्याच्या केबिनमध्ये कितीदा जाऊन बसलो असेन. माझा तो रस्ता नव्हे. पण ड्रायव्हरला दुसऱ्याचा रस्ता असा नसतोच. तेव्हापासून गाडी पुलावर चढली की माझ्या तळपायांना कान फुटतात. आई पडद्यावरच्या पुलालाही हात जोडते, आणि चाकं पलीकडच्या जमिनीला लागेपर्यंत जोडलेलेच ठेवते.

आमचं घराणं गायकवाडांच्या पागेतलं, असं आजी सांगायची. रात्रीच्या मजलीत स्वाराचा डोळा लागला तरी घोडा जागा असायचा. गाडीला तसं जागेपण नाही. कायद्यानं ड्रायव्हरच्या दिवसाला आठ तासांची मर्यादा घातलेली आहे, आणि लांबच्या गाडीवर आम्ही दोघं असतो ते म्हणूनच. वापी ओलांडून, तलासरी आणि चारोटी मागे टाकून मनोरला पोहोचलो की रात्र सर्वांत जड झालेली असते, पापण्यांवर कुणी हळूहळू वाळू ओतावी तशी. तिथं माझा जोडीदार तात्या उठतो. तोंडावर पाणी मारतो, टायरांना एक फेरी घालतो, माझ्याकडे न बघता विचारतो, "काही?" मी म्हणतो, "डावीकडचा मागचा जरा गरम." एवढंच. मी सीटवरून उतरतो आणि तो बसतो, सीट अजून माझ्या अंगानं ऊन असते. मी मागच्या अरुंद पट्टीवर, पडद्याआड, त्याच्या अंगानं ऊन झालेल्या चादरीत शिरतो.

आणि माझी रात्र तिथं संपते.

पुढे घोडबंदर, ठाणे, कळंबोली, घाट, पुणे. परतीला पुण्याहून मनोरपर्यंत पुन्हा तात्याच चालवतो, मी पुन्हा झोपलेला. वर्षानुवर्षं मी ज्या रस्त्याचं खातो, त्याचा अर्धा भाग मी पाहिलेला नाही. घाटात द्रुतगती मार्गावर पूर्वी अमृतांजन पूल होता, १८३० सालचा, दगडी. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊननं रस्ते ओस पडले तेव्हा, तो पाडला. पेपरात फोटो आला. त्याच्या कमानींखालून मी असंख्य वेळा गेलो होतो, जाताना आणि येताना, आडवा, डोळे मिटलेला. त्या फोटोकडे मी बराच वेळ बघत राहिलो. ओळखीचा माणूस गेल्याचं कळावं, आणि त्याचा चेहरा मात्र कधी पाहिलेला नसावा, असं काहीसं झालं.

तेव्हाच मी तात्याला म्हटलं, मनोरनंतर मोबाइल बंद करू नकोस. मुळात मी व्हिडिओ काढू लागलो तो मागे झोपलेल्यांसाठी. त्यांच्यात मीही आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तात्याचा पहिला व्हिडिओ मी घरी बघितला, सकाळी सूरसागराच्या काठानं घरी येऊन, सेव-उसळ खाऊन, खिडक्या लावून. पावसाळा होता. घोडबंदरला गायमुखचे खड्डे आले. समोरच्या झोतात पाण्यानं भरलेले, किती खोल ते न कळणारे. मागून ट्रेलरवाले अपर-डिपर मारत होते, हॉर्न देत होते, तात्या हलत नव्हता. एकेका खड्ड्यात चाक उतरवून, थांबवून, पुन्हा वर काढून, तो गाडी अशी नेत होता की काचेवरची गणपतीची छोटी मूर्ती जेमतेम डोलत होती. आणि तो गुणगुणत होता. तात्या गातो हे मला माहीतच नव्हतं. जेवताना, टायर बदलताना, पार्किंगच्या रिकाम्या दुपारी, कधीही मी त्याचा सूर ऐकला नव्हता. तो गातो फक्त तेव्हाच, जेव्हा मी झोपलेला असतो. खालापूरचा नाका गेला, उजाडायला आलं, घाटात ढग रस्त्यावर उतरले, पुढची गाडी म्हणजे दोन लाल ठिपके उरले, बोगद्याचा पिवळा उजेड आला आणि गेला, आणि तो संथ, थोडा बेसूर, वाईकडच्या कुठल्याशा देवळात लहानपणी ऐकलेला असावा असा सूर सगळ्यावरून चालत राहिला. मी त्या खड्ड्यांवरून किती रात्री गेलोय.

मला एकही खड्डा आठवत नाही.

पुढच्या खेपेला मनोरला मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं गाणं सोडलं असतं. फक्त माझा नर्मदेचा तुकडा त्याला दाखवला. पुण्यात वाकडच्या पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीत बसून त्यानं तो पाहिला, परत पाहिला. मग म्हणाला, "मला ही बाई नुसती आवाजानं ठाऊक होती. पुलाच्या जोडांवरून चाकं जातात ना, टक-टक, टक-टक. झोपेत वाटायचं, आलं बरं का. मग बरं वाटून कूस बदलायचो." थोड्या वेळानं, मोबाइल परत देताना, "तू तिथं वेग कमी करतोस होय?"

करतो. का करतो ते त्यालाही मी सांगितलं नाही.

आता या श्रावणात मी चार दिवसांची रजा मागितली आहे. दुसरा ड्रायव्हर मनोरपर्यंत गाडी आणेल, मी पॅसेंजर म्हणून तिकीट काढून येईन, आणि तिथून पुढे क्लीनरच्या सीटवर, तात्याच्या डाव्या हाताला, जागा बसेन. व्हिडिओ नको, मोबाइल बंद. तात्याला हे सांगितलं तेव्हा तो टायरला हात लावून बघत होता. वर न बघताच म्हणाला, "ये की. खालापूरला चहा पाजतो. घाटात डोळा लागायचा नाही."