हरलेल्यांची गाडी

बाद पद्धतीच्या स्पर्धेत जितके सामने, तितके निरोप. एकेरीच्या ड्रॉमध्ये 28 खेळाडू, म्हणजे सामने 27, आणि प्रत्येक सामना संपला की एकाने बॅग भरायची. प्रेक्षकांची नजर जिंकणाऱ्यावर खिळलेली असते, आणि ते रास्तच आहे. माझ्या वाट्याला मात्र हरणारे आले. क्रीडा व्यवस्थापन शिकत होते. इंटर्नशिपसाठी महाराष्ट्र ओपन या टेनिस स्पर्धेच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर नेमणूक झाली. 31 डिसेंबर 2018 ते 5 जानेवारी 2019, बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. 1997 पासून चेन्नईत होणारी ही एटीपी स्पर्धा पुण्यात येऊन दुसरंच वर्ष होतं.

टेबलावर माझा कागद असायचा: खेळाडूचं नाव, हॉटेलची खोली, सरावाचं कोर्ट, विमानाची वेळ. शेवटचा रकाना पेन्सिलीने भरायचा. सामना सुरू होण्याआधी दोघांच्याही नावापुढे दोन्ही शक्यता लिहून ठेवायच्या, उद्या सरावाची गाडी किंवा आज रात्री विमानतळाची. मग कोर्टावरून टाळ्यांचा आवाज यायचा. निकाल पडद्यावर दिसायच्या आत त्या आवाजावरूनच बऱ्याचदा कळायचं, आणि मी खोडरबर उचलायची. दुहेरीत नाव असलं तर मुक्काम दोन-तीन दिवसांनी लांबे. त्या खोडण्यात मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, कारण ज्याचं नाव मी हलवत होते तो अजून कोर्टावर खुर्चीत बसून रॅकेट पिशवीत भरत असायचा.

या दर्जाच्या स्पर्धेत विजेत्याला 250 गुण मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य. बक्षिसाची काही रक्कम मिळते, पण क्रमवारीच्या हिशेबात तो पुण्याला आलाच नव्हता. हे मला वर्गात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते शून्य घेऊन एखादा माणूस समोर उभा राहतो, केस ओले, घोट्याला पांढरी पट्टी तशीच, आणि अत्यंत सभ्यपणे विचारतो की गाडी किती वाजता निघेल, तेव्हा पुस्तकातल्या गुणांच्या कोष्टकाची पहिली ओळ मला पहिल्यांदा नीट वाचता आली.

पात्रता फेरीतल्यांची गत तर आणखी अवघड. शेवटच्या पायरीवर हरलेले खेळाडू रेफरीच्या कार्यालयात सही करून थांबतात. मुख्य ड्रॉमधून कुणी ऐनवेळी माघार घेतली तर त्यांचा नंबर लागतो. बॅग भरलेली, मन न भरलेलं. गाडी सांगून ठेवायची की नाही, हे त्यांनाही माहीत नसतं. अशा थांबलेल्या माणसाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे मी आमच्या ड्रायव्हरकाकांकडून शिकले.

काका मुळशीकडचे. एरवी हिंजवडीच्या कंपन्यांची भाडी मारायचे. रॅकेटची बॅग ते डिकीत कधी टाकायचे नाहीत. दोन्ही हातांनी आडवी ठेवायचे, तारांवर दुसरं सामान येणार नाही अशी. परतताना त्यांचा ठरलेला प्रश्न असे, “ताई, आज कोण गेलं?” जिंकलेला माणूस गाडीत असला तर ते हिंदी गाणी लावत. विमानतळाच्या फेरीला रेडिओ बंद. “त्याला आपली भाषा येत न्हाई, आपल्याला त्याची. मग गप ऱ्हायलेलं त्याला कळतंच की,” असं म्हणाले होते. बालेवाडीहून लोहगावचा विमानतळ म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत अख्ख्या पुण्यातून जाणं. तेवढा वेळ त्या परक्या माणसाची सगळी सोबत म्हणजे काका. आयोजन म्हणजे फक्त कोर्ट, दिवे आणि पाहुण्यांच्या खुर्च्या नव्हेत, हे माझं मत तिथे पक्कं झालं. जाणाऱ्याला कसं पोचवलं यावरून मी आता स्पर्धेची पारख करते.

आठवडा सरत गेला तसा कागद रिकामा होत गेला. भारताचा प्रज्ञेश गुणेश्वरन पहिल्याच फेरीत गेला. दुखापतीमुळे वर्षाहून अधिक काळ टूरबाहेर राहिलेला बेल्जियमचा स्टीव्ह डार्सिस थेट उपांत्य फेरीपर्यंत टिकला, तेव्हा डेस्कवरचे आम्ही सगळे त्याचे झालो होतो. गतविजेता जिल सिमोंही उपांत्य फेरीत संपला. दुहेरी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण या आपल्या जोडीने जिंकली. शनिवारी एकेरीची दोनच नावं उरली, केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. एक 203 सेंटिमीटर उंच, दुसरा 211. कार्लोविचचं वय 39. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. शेवटचा अँडरसनने 7-5 असा घेतला. कार्लोविच विजेतेपदापासून दोन गुणांवर राहिला. काकांनी तो टायब्रेक प्रवेशद्वाराशी टाचा उंचावून पाहिला, गाडीची किल्ली मुठीत धरून.

पुढे ऑस्ट्रेलियन ओपन होती, आणि मी सवयीने माझ्या कागदावरची नावं शोधत बसले. प्रज्ञेशने तिथे पात्रता फेरी पार करून पहिल्यांदाच ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये जागा मिळवली. पहिल्या फेरीत त्याला अमेरिकेच्या फ्रान्सिस टियाफोने हरवलं. दुसऱ्या फेरीत त्याच टियाफोने आमच्या विजेत्याला, अँडरसनला, हरवलं. मी काकांना फोन लावला.

“आणि तो उंच बाबा?” त्यांनी विचारलं.

तो पहिली फेरी जिंकला, मी म्हटलं. दुसरीत निशिकोरीशी पाचव्या सेटच्या टायब्रेकपर्यंत भांडला.

“एवढ्या वयात? मग झकास की,” काका म्हणाले. हिंजवडीचं भाडं आलं होतं, त्यांनी फोन ठेवला.