४०१ या एरर कोडला अनावृत पत्र

प्रिय ४०१,

तुझा निरोप साधा असतो: ‘तुझी ओळख पटलेली नाही, ती पटवून पुन्हा ये.’ ४०३ मध्ये ओळख पटलेली असू शकते, परवानगी मात्र नसते. तू परत यायला सांगतोस. तरी सिंगल-पेज अ‍ॅपमध्ये तू दिसलास की आम्ही वापरणाऱ्याला सरळ लॉगिनच्या पानावर नेऊन सोडतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही अ‍ॅप्स रिलोड न होता तासन्‌तास उघडी राहतात आणि ओळख पटवणाऱ्या टोकनची मुदत मधेच संपते. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरणारी मुलगी ‘जतन करा’ दाबते, तू येतोस, आणि तिनं लिहिलेलं सगळं जातं. यात दोष तिचाही नाही, तुझाही नाही. तुझं उत्तर कसं हाताळायचं हे आम्ही ठरवायचं असतं.

आधी तू आलास हे कळायला हवं. ‘फेच’चं प्रॉमिस तू आल्यावरही रिझॉल्व्हच होतं, स्टेटस तपासलं नाही तर तू नजरेतून सुटतोस. मग प्रश्न गर्दीचा. डॅशबोर्ड उघडताना पाच रिक्वेस्ट एकदम जातात आणि पाचही तुला घेऊन परततात. प्रत्येकीनं वेगळं रिफ्रेश, म्हणजे रिफ्रेश टोकन देऊन नवं टोकन, मागितलं आणि ते रिफ्रेश टोकन एकदाच चालणारं असलं, तर दुसरीचं टोकन वापरलेलं ठरतं. सर्व्हरला चोरीचा संशय येतो आणि अख्खं सेशन रद्द होऊ शकतं. म्हणून रिफ्रेश एकच करावं, बाकीच्यांनी त्याच प्रॉमिसवर थांबावं आणि नंतर प्रत्येक रिक्वेस्ट एकदाच पुन्हा पाठवावी. खुद्द रिफ्रेशच्या उत्तरातच तू आलास तर मात्र तिथंच थांबावं, नाहीतर लूप सुरू होतो.

तेव्हा लॉगिन मागणं भागच आहे. पण ते त्याच पानावर, फॉर्मला धक्का न लावता मागता येतं. पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे नेता यावं, हा निकष वेब सुलभतेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येच (डब्ल्यूसीएजी २.०) आहे. फक्त लॉगिन करणारी व्यक्ती तीच आहे ना, हे आधी पाहावं. सायबर कॅफेत एकाचा मसुदा दुसऱ्याला दिसता कामा नये.

माझ्या व्यवसायबंधूंना तुझ्या साक्षीनं एक विनंती करते. रिलीझपूर्वी अर्धा फॉर्म भरा, टोकन मुद्दाम संपवा आणि ‘जतन करा’ दाबा. लिहिलेलं शाबूत राहिलं, तरच रिलीझ करा.

तुझी,
एक फ्रंटएंड डेव्हलपर