फुटबॉल

आमच्या परड्यातला आड 28 फूट खोल आहे. व्यास 5 फूट. वरचे 24 फूट आज्यानं खांदले, खालचे 4 फूट बहात्तरच्या दुष्काळातले. आमचा माण तालुका तसा पावसानं विसरलेलाच, पण त्या साली आडानंही तळ दाखवला. मी तेव्हा बारा वर्षांचा. मोठी माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, आणि रात्री कंदील आत सोडून आमच्या आडात मुरूम फोडायची. त्यात पहार धरायला पुढं असायचा तो बोळापलीकडच्या आक्काचा मालक. काळा पाषाण लागला तिथं थांबले. वडलांनी मजुरी पुढं केली, तर तो म्हणाला, "पैसं नगंत. आमची शेंदून घेत जाऊ." तेव्हापासून परड्याचं बोळाकडचं दार आम्ही दिवसा कधी लावलं नाही. पुढं आक्काचा मालक गेला, माझे वडील गेले. आक्का मात्र रोज दहा घागरी नेत राहिली.

2011 साली आमच्या मंडळींचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, पाणी शेंदणं बंद. मग घरात मोटारीचा विषय निघाला. पोरगं कधीपासून मागं लागलंच होतं. आईचं वेगळंच. ती म्हणाली, "बसव बाबा, सुनंचा हात वाचल. पण रहाट काढायचा न्हाय." रहाट ठेवला.

मोटार अर्ध्या एचपीची, टाकी 1000 लिटरची. पोरगं म्हणालं, ठेवू या धाब्यावर. मी त्याला हिशेब सांगितला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे ज्वारीची दहा पोती, तीही एकाच जागी आणि बारा महिने. आमचं धाबं मातीचं, आज्याच्या वेळचं. ते खाली आलं असतं आणि आम्हीच आंघोळ केली असती मातीनं. शेवटी न्हाणीजवळ विटांचे चार खांब सात फूट उंच बांधले, वर स्लॅब टाकला आणि त्यावर टाकी बसवली.

पाइपच्या खालच्या टोकाला जाळी असलेली एक झडप असते. मोटार बंद झाली की पाइपातलं पाणी ती परत आडात जाऊ देत नाही. तिला फूट व्हॉल्व्ह म्हणतात, पण आमच्याकडं सगळे 'फुटबॉल'च म्हणतात. दुकानदारसुद्धा बिलावर फुटबॉल लिहितो. एक पाहुणा बिल वाचून म्हणाला, नातू खेळतो वाटतं!

पहिल्या दिवशी मोटारीनं हवा धरली. नरसाळ्यानं पाणी ओतलं, बटण दाबलं, मोटार नुसती गरगरायची. मेस्त्री घामाघूम झाला. म्हणाला, "दादा, थोडा शेणकाला वता आत. फट मुजती." शेतातल्या विहिरीवर आम्ही ते करतोच. पण आई दारातून ओरडली, "आरं, देवाला जातंय त्ये पाणी! शेण कुठं घालतोस?" मेस्त्री गप्प. मग आईच्याच देवघरातली उदबत्ती आणली. मोटार चालू ठेवून एकेका सांध्याजवळ धरली. दुसऱ्या एल्बोपाशी धूर सरळ वर जाण्याऐवजी सांध्यात शिरला. तिथं टेप गुंडाळायची राहिली होती. तेवढं केलं आणि पाणी सुटलं. मंडळींनी नळ सोडला आणि बराच वेळ नुसता हात खाली धरून उभ्या राहिल्या.

तेव्हा दिवाळी होती, पाणी 12 फुटांवर. आम्हाला वाटलं, झालं काम. पूर्वी घराला वीस घागरी पुरायच्या, म्हणजे सव्वादोनशे लिटर. आता हजार लिटरची टाकी रोज रिकामी व्हायला लागली. नळाला हात दुखत नाहीत ना. पोराची मोटारसायकल दिवसाआड न्हायला लागली. मीसुद्धा दात घासताना नळ सोडून ठेवायचो, खोटं कशाला सांगू.

शिमगा झाला आणि मोटारीचं पाणी बंद पडलं. फुटबॉल बदलला, सांधे पुन्हा आवळले, काही नाही. मेस्त्री म्हणाला, "दादा, पाणी लांब गेलं. बावीस-पंचवीस फुटांपलीकडं वरची मोटार ओढत न्हाय." का ओढत नाही ते त्याला सांगता येईना. मला मात्र शाळा आठवली. 1976 ला मी दहावी झालो. विज्ञानाचे गुरुजी सांगायचे, हवेच्या दाबानं पारा नळीत 76 सेंटिमीटर चढतो. पारा पाण्यापेक्षा 13.6 पट जड. ज्वारीच्या पोत्यावर खडूनं गुणाकार केला, 1033 सेंटिमीटर आले. म्हणजे चौतीस फूट. मोटार पाणी ओढतच नाही, ती नळीतली हवा काढते आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. तिची ताकद चौतीस फुटांची. त्यातून आमच्या पाइपाचं घर्षण आणि मोटारीचा दुबळेपणा वजा जाता मेस्त्रीचा आकडा बरोबर. पस्तीस वर्षांनी तो धडा कळला म्हणायचा.

उपाय सोपा होता. आडात 8 फूट खाली लोखंडी अँगल ठोकले, त्यावर मोटार बसवली. पाइप वाढवून फुटबॉल तळापासून फूटभर वर सोडला. टाकी पुन्हा भरायला लागली. मेस्त्री म्हणाला, "आता तळ लागंस्तवर काळजी न्हाय."

चैत्रात एका सकाळी आई म्हणाली, "आक्का चार दिस झालं आली न्हाय. दुखतंय का काय बघ जा." मी गेलो. आक्का दारात नव्हती. परत येताना ती मारुतीच्या देवळाकडून येताना दिसली. डोक्यावर घागर, काखेत कळशी. तिथल्या हापशाला पाच मिनिटं हापसल्यावर कळशी भरते. मी विचारलं, "आक्का, आडावर का येत न्हाईस?" ती म्हणाली, "गाळ येतोय रं पोहऱ्यात. बसंल की." आणि थांबली नाही. पासष्ट वर्षांची बाई.

घरी येऊन पोहरा सोडला. पिठल्यासारखं पाणी आलं. आडात नसलं तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. आमच्या आडातलं सगळं टाकीत होतं.

पुन्हा खडू घेतला. 5 फूट व्यासाच्या आडात फूटभर पाणी म्हणजे साडेपाचशे लिटर. एक टाकी भरली की पावणेदोन फूट पाणी गेलं. पाहुणेरावळे असले की दोन टाक्या, म्हणजे साडेतीन फूट. आणि त्या दिवसांत झरे रातभरात जेमतेम फूटभर देतात. उन्हाळ्यात आडात राहतं ते 4 फूट पाणी, तेही आक्काच्या मालकानं पहारीनं उघडलेलं. मोटार वर होती तोवर त्याला तिचा हातच पोहोचत नव्हता. मी ती खाली नेऊन बसवली होती. हिशेब मांडून झाल्यावर मला जेवण गेलं नाही.

मेस्त्रीला बोलावलं. म्हणालो, फुटबॉल दीड फूट वर घे. तो म्हणाला, "खुळं झालाव का? आडीच फूट पाणी तसंच ऱ्हाईल खाली. आन् मोटार कोरडी चालली तर सील जळंल." म्हटलं, घे. पोरगं आठवडाभर बोललं नाही. मंडळी म्हणाल्या, "आधीच सांगायचं, मी एक बादली कमी वापरली असती."

आईनं निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का बोळाच्या दारातून आली. पोहरा सोडला, रहाट कुरकुरला. पाणी ओंजळीत घेऊन बघितलं.

"बसला व्हय रं गाळ?"

"बसला," मी म्हणालो.

मे महिन्यात आमची टाकी अजून निम्मीच भरते. पाणी फुटबॉलच्या खाली गेलं की मोटारीचा आवाज बदलतो, आणि तो ऐकून बटण बंद करायला कुणीतरी आडापाशी उभं राहावं लागतं. बहुतेक मीच असतो.