पाय की फरशी?

क्रांती चौकातून चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे लगबगीने जाणारे कामगार पाहिले, की आपल्या मराठीचा एक अन्याय मला आठवतो. तेलकट फरशीवर माणूस आपटला, तरी आपण म्हणावयाचे, ‘त्याचा पाय घसरला!’ वाक्याचा कर्ता पाय. तेव्हा गुन्हेगारही तोच! फरशी व्याकरणातून निर्दोष सुटते. कायद्यालाही तिचा निसरडेपणा उशिराच दिसला. जमीन भक्कम व नीट राखलेली असावी, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाने सांगितले. तिच्यावर पाय घसरविणारे पदार्थ नसावेत, हे शब्द 1976 च्या दुरुस्तीने आले. मजुरी बुडून अंथरुणाला खिळलेल्याला मात्र आपण अजून विचारतो, ‘बघून चालता येत नव्हते का?’ फरशी ज्याच्या मालकीची, त्याने ती बघितली होती का, हे कोण विचारणार?