गोपनीय अहवाल लिहिणारा मार्गदर्शक

नव्या सहायक प्राध्यापकांसाठी मार्गदर्शन गट काढायचं विद्यापीठात ठरलं, तेव्हा ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं. 2019 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘गुरुदक्षता’ हे महिनाभराचं प्रशिक्षण आखून दिलं होतं. पण ते करून आलेला माणूस पुढे वर्गात एकटाच असतो, त्याला बोलायला जागा हवी, हे माझं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. घोळ माणसं निवडताना घातला.

मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखच बसवले. वर्कलोड वाटणारे तेच, रजा मंजूर करणारे तेच, गोपनीय अहवाल लिहिणारेही तेच. मीही त्यांतलाच. वर्गात काही अडचण आहे का, विचारलं की उत्तर ठरलेलं, “नाही सर, सगळं छान चाललंय.” कॅसचा, म्हणजे बढतीचा विषय निघाला की मात्र वह्या उघडायच्या: रिफ्रेशर कधी करावा, कुठला पेपर धरतात, फाइल कशी लावावी. मी तासभर बोलायचो आणि गट रंगलाय असं समजायचो.

त्याच वेळी माझ्याच विभागातल्या नव्या मॅडम मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे इंग्रजीतून अर्थशास्त्र शिकवताना मेटाकुटीला आल्या होत्या. मला पत्ता नाही. त्या विचारायच्या आमच्या सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या सरांना. एकदा मॅडमचं पुस्तक टेबलावर उघडं दिसलं. मागणीच्या लवचिकतेपाशी समासात सरांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘आधी मीठ आणि सफरचंदाचा भाव विचारा, आकृती नंतर.’ या सरांच्या मानधनाच्या बिलांवर मी कित्येक वर्षं सह्या करत होतो. गटाच्या यादीत ते नव्हते, कारण यादी आस्थापना विभागातून आली आणि तिथं कायम नेमणुकीचीच नावं. मलाही काही खटकलं नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापक, त्यांत भारतीय भाषांतून शिकवू शकणारेही, घ्यावेत असं म्हटलंय. तेव्हा मी ते वरवर वाचलं होतं. निवृत्त माणसाच्या हातात कोणाचा अहवाल नसतो, एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही.

पुढे विभागप्रमुखांना गटातून काढलं, स्वतःलाही. सीएचबीच्या सरांना मार्गदर्शक म्हणून बोलावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “सर, याचे तास धरणार का?” मानधन फक्त वर्गावरच्या तासिकांचं मिळतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नाही म्हणावं लागलं. ते आले नाहीत. मॅडम अजूनही त्यांनाच विचारतात, फुकटात.