सतरावा क्रमांक, एक करंडक

२१ मे २०२५ च्या रात्री बिल्बाओत टॉटनहॅम हॉटस्परने, म्हणजे स्पर्सने, युरोपा लीग जिंकली. सामना म्हणाल तर रटाळ. पहिलं सत्र संपता संपता ब्रेनन जॉन्सनने धावत येऊन पाय घातला, मँचेस्टर युनायटेडच्या ल्यूक शॉच्या अंगावर आपटलेला चेंडू कसाबसा रेषेपलीकडे घरंगळला, आणि तिथून पुढे स्पर्सने जवळजवळ सगळा संघ आपल्या गोलसमोर गोळा केला. दुसऱ्या सत्रात मिकी व्हॅन डे व्हेनने गोलरेषेवर हवेत आडवं होऊन एक चेंडू बाहेर काढला, तेव्हा तटस्थ माणसाच्याही छातीत धस्स झालं. सतरा वर्षांनी करंडक. युरोपातला तर एकेचाळीस वर्षांनी. लंडनमध्ये मिरवणूक निघाली. आणि अंतिम सामन्याला सोळा दिवस होतात तोच मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला नारळ मिळाला.

कारण त्याच मोसमात हाच संघ प्रीमियर लीगमध्ये सतरावा आला होता. वीस संघांत सतरावा म्हणजे काठावर वाचलेला. त्याच्या खालचे तिघे खालच्या लीगमध्ये जातात. ३८ सामन्यांत २२ पराभव. स्पर्सच्या मैदानापासून सहा-सात किलोमीटरवर आर्सेनलचं मैदान. तिथे मिकेल आर्तेताचा संघ सलग तिसऱ्या वर्षी दुसरा आला होता. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रिअल माद्रिदला दोन्ही सामन्यांत हरवलं होतं. करंडक मात्र नाही; तोवरचा शेवटचा मोठा करंडक २०२० चा एफए कप. तरी आर्तेताची खुर्ची शाबूत राहिली.

यातली प्रगती कुठली? आमच्या ऑफिसात एक स्पर्सवाला आहे, मी आर्सेनलवाला. या एका प्रश्नावर आमच्या जेवणाच्या कित्येक सुट्ट्या कारणी लागल्या आहेत. भांडून भांडून माझ्या हाती एकच गोष्ट आली: आमचं भांडण उत्तराबद्दल नसतंच. मोजायला सुरुवात कुठून करायची, याबद्दल असतं.

पोस्टेकोग्लूला काढताना स्पर्सने जे निवेदन काढलं त्यात एक आकडा होता: लीगच्या शेवटच्या ६६ सामन्यांत ७८ गुण. पहिल्यांदा वाचताना सरळ वाटतो. मग लक्षात येतं की दोन मोसमांचे सामने ७६ असतात. उरलेले दहा कुठे गेले? ते पहिले दहा, ज्यांत एकही पराभव नव्हता आणि ३० पैकी २६ गुण होते. त्या दहा सामन्यांची ‘चांगली सुरुवात’ अशी दोन शब्दांत बोळवण करून हिशेब अकराव्यापासून मांडला होता. करंडकाच्या भरात निर्णय घेता येत नाही, अशा अर्थाचंही एक वाक्य होतं. क्लबच्या जागी मी असतो तर मलाही हेच सुचलं असतं. प्रगती दाखवायची तर खड्ड्यापासून मोजावं आणि अधोगती दाखवायची तर शिखरापासून.

गंमत म्हणजे तो अकरावा सामना. ६ नोव्हेंबर २०२३, समोर चेल्सी. स्पर्सच्या दोघांना लाल कार्ड, आणखी दोघे जायबंदी. नऊ माणसं उरलेली असतानाही पोस्टेकोग्लूने बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेपाशीच उभी ठेवली. कुठल्याही शहाण्या माणसाने सगळ्यांना मागे ओढलं असतं. चेल्सीवाले त्या रेषेमागे पुन्हा पुन्हा पळत होते आणि गोलरक्षक पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येऊन चेंडू उडवत होता. निकाल ४–१. आणि घरच्या प्रेक्षकांनी पराभूत संघाला उभं राहून टाळ्या दिल्या! टाळ्या देणाऱ्यांनी मुरिन्यो आणि कोन्ते या आधीच्या मॅनेजरांचे मोसम काढले होते. एक गोल करायचा आणि मग जीव मुठीत धरून बसायचं, या फुटबॉलला ते विटले होते. त्यांची मोजणी तिथून सुरू होत होती, म्हणून त्या रात्रीचा पराभव त्यांना पुढचं पाऊल वाटला. क्लबच्या हिशेबात मात्र उतार तिथूनच सुरू झाला.

दीड वर्षानंतर त्याच चेल्सीविरुद्ध, ३ एप्रिल २०२५ ला, दृश्य पालटलं होतं. स्पर्स एका गोलने मागे. पोस्टेकोग्लूने तरुण लुकास बर्गवालला बाहेर घेऊन पापे मातार सारला आत पाठवलं. चेल्सीच्या मैदानावर आलेले स्पर्सचे पाठीराखे खवळले. काय करतोयस ते तुला तरी कळतंय का, या अर्थाचं गाणं मॅनेजरलाच उद्देशून सुरू झालं. थोड्याच वेळात त्याच सारने लांबून फटका मारून चेंडू जाळ्यात घातला. पोस्टेकोग्लू वळला आणि कानामागे हात धरून आपल्याच लोकांसमोर उभा राहिला: हं, आता बोला! मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पंचांनी, गोल रद्द केला. आधीच्या झटापटीत सारने फाउल केला होता. कानामागचा हात खाली घ्यायला माणसाला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी टीव्हीवर दिसलं.

माझी स्वतःची मोजणी २००४ पासून सुरू होते आणि तीच माझी अडचण आहे. आमच्या पिढीने केबलवर आर्सेनल पाहिलं तेव्हा तो संघ अख्ख्या मोसमात एकदाही हरला नव्हता. थिएरी हेन्री डावीकडून आत वळला की पुढे काय होणार हे आपल्याला, बचावपटूला, गोलरक्षकाला, सगळ्यांना ठाऊक असायचं आणि तरी ते व्हायचंच. मॅनेजर आर्सेन वेंगरच्या पहिल्या वीस पूर्ण मोसमांत... नाही, नेमकं सांगायचं तर १९९६–९७ पासून २०१५–१६ पर्यंत, आर्सेनल एकदाही चौथ्या क्रमांकाखाली गेलं नाही. शेवटी शेवटी आम्हीच त्या चौथ्या क्रमांकाची टर उडवायचो. २०१७ च्या मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावरून एक विमान वेंगरला घालवा असा फलक ओढत गेलं आणि त्याच सामन्यात दुसरं विमान त्याच्यावर विश्वास आहे असा फलक घेऊन आलं. पाठीराख्यांचं मूल्यमापन आकाशात इतकं उघड कधी दिसलं नसेल.

माझा भाचा आर्तेताच्या काळात फुटबॉल पाहायला लागला. त्याच्या डोळ्यांदेखत आर्सेनल आठवं, पुन्हा आठवं, मग पाचवं, मग दोनदा दुसरं आलं; गुण ५६, ६१, ६९, ८४, ८९. सगळी चढणच. २०२४–२५ मध्ये आकडा ७४ वर घसरला, पण क्रमांक दुसराच राहिला, म्हणून तेही त्याला खपतं. मी वेंगरचं नाव काढलं की म्हणतो, “मामा, तू त्या २००४ मधून बाहेरच येत नाहीस.” त्याला मी सांगतो, वेंगरनंतर आलेल्या उनाई एमरीने पहिल्या मोसमात पाचवा क्रमांक आणि ७० गुण मिळवले होते. आर्तेताला तिथे परत पोचायला तिसरा मोसम उजाडला, तोही एक गुण कमी घेऊन. भाचा म्हणतो, एमरीने घसरता संघ सोडला होता. तेही खरंच आहे. एकाच गुणतक्त्यात आम्ही दोघं दोन वेगवेगळे संघ पाहतो.

निकाल बदलले की मॅनेजरचं वागणंही वेगळं दिसायला लागतं, हे आर्तेताइतकं कोणाच्या बाबतीत दिसलं नसेल. लिव्हरपूलला जाण्याआधी त्याने सरावाच्या मैदानावर मोठमोठे स्पीकर लावून त्यांचं प्रसिद्ध गाणं वाजवलं, म्हणजे पोरांना त्या आवाजाची सवय व्हावी. सामना ४–० ने गेला. क्लबमध्ये ‘विन’ नावाचं कुत्रं आणलं. दीडशे वर्षांचं ऑलिव्हचं झाड आणून लावलं. जिंकत असताना हे सगळं द्रष्टेपण ठरतं. तीन सामने हरलं की हाच माणूस व्यक्तिमत्त्व विकास शिबिरवाला वाटू लागतो. झाड तेच, कुत्रंही तेच.

डोळ्यांना दिसणारी प्रगती काही असेल तर ती मला कॉर्नरच्या वेळी दिसते. एके काळी आर्सेनलला कॉर्नर मिळाला की आम्ही पाणी प्यायला उठायचो. सेट-पीसचे प्रशिक्षक निकोलास जोव्हेर आले, आणि आता कॉर्नर मिळाला की मैदानात पेनल्टीसारखा गलका होतो. पाच-सहा जण दूरच्या खांबापाशी एका घोळक्यात उभे राहतात. साका हात वर करतो. घोळका फुटतो, दोघं गोलरक्षकाच्या वाटेत येतात, आणि मागून गॅब्रिएल मोकळा धावत येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्पर्सच्या मैदानावर आर्सेनल असंच १–० ने जिंकलं. माझ्या मते एखाद्या मॅनेजरच्या हाताखाली संघ शिकतोय की नाही, याचा हा सगळ्यात प्रामाणिक पुरावा. यात नशिबाचा वाटा कमी आणि तालमीचा जास्त. स्पर्सवाला म्हणाला, “धक्काबुक्की आहे नुसती. याला फुटबॉल म्हणतात?” सेट-पीसबद्दल विचारलेलं त्याच्या मॅनेजरलाही फारसं आवडायचं नाही.

आणि कोणत्याही क्लबचं घोडं अडलं की फर्ग्युसनचा दाखला येतोच. अलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला. तीन वर्षांनी, तीन वर्षं सबबीच ऐकतोय, आता निघा, अशा अर्थाचा फलक त्याच्याच मैदानावर झळकला. मग मे १९९० मध्ये एफए कप आला, १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीग आली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दाखला खरा आहे, पण तो ज्या कामासाठी वापरतात त्याची मला चीड येते. ज्यांना वेळ दिला आणि ज्यांनी तो वाया घालवला, त्यांची गोष्ट कोण सांगत बसतं? आणि ज्यांना वेळ मिळालाच नाही त्यांची तरी? त्याच युनायटेडने डेव्हिड मॉयसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. तो चुकला की क्लब, हे तपासायला कोणी थांबलं नाही.

मूल्यमापन करण्याचा हक्क कोणाचा, हाही एक तिढाच आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत. लोकांनी मैदानावर यावं म्हणून साठच्या दशकापासूनची ती रीत आहे. आपल्याकडे मात्र ते दिसतात. म्हणजे लंडनमधल्या वर्षभराचं तिकीट काढलेल्या माणसाला परगावचा तीनचा सामना दिसत नाही आणि पुण्यात संध्याकाळी पोहे खात मी तो पाहतो. मी जास्त सामने पाहिले असतील. पण पावसात भिजत शेवटच्या गाडीने घरी गेलेला तो आहे. मॅनेजरवर ओरडण्याचा पहिला हक्क त्याचा, असं मी मानतो. पाळत मात्र नाही.

तो हक्क लोक कसा वापरतात हे १४ मे २०२४ च्या सामन्यात दिसलं. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. स्पर्सच्या मैदानावर मँचेस्टर सिटी. सिटीचे गुण गेले तर आर्सेनलला लीग मिळण्याची शक्यता. स्पर्स हरले तर चॅम्पियन्स लीगमध्ये जाण्याची त्यांची आशा संपणार. त्या रात्री मी स्पर्ससाठी देव पाण्यात घालून बसलो होतो. माझा स्पर्सवाला मित्र सिटीसाठी! ०–१ असताना शेवटच्या मिनिटांत सन ह्युंग-मिन एकटाच गोलरक्षकासमोर धावत सुटला. बदली गोलरक्षक ऑर्टेगाने पायाने चेंडू अडवला. लगेच सिटीला पेनल्टी, हालांडचा दुसरा गोल. स्पर्सच्या घरच्या मैदानात काही स्पर्सवाले आपल्याच पराभवात आर्सेनलला डिवचणारी गाणी म्हणत होते. सामन्यानंतर पोस्टेकोग्लूचा संताप लपत नव्हता. इथला पायाच ठिसूळ आहे, असं काहीसं तो म्हणाला. बिचारा मोसमाचा हिशेब मांडत होता. त्याच्या लोकांना शेजाऱ्याचा करंडक चुकवायचा होता, आणि तो त्यांनी चुकवला: सिटी ९१, आर्सेनल ८९.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टेकोग्लू नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथल्या लोकांची मोजणी नुनो एस्पिरितो सांतोपासून सुरू होत होती, ज्याने संघाला सातव्या क्रमांकावर नेऊन तीस वर्षांनी युरोपातल्या स्पर्धेत आणलं होतं आणि मोसम जेमतेम सुरू झाल्यावर ज्याला काढलं होतं. नवीन माणूस आला आणि संघ जिंकायचाच थांबला. महिनाही झाला नव्हता तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी त्याच्या हकालपट्टीची गाणी म्हटली. ऑक्टोबरच्या मध्यावर पत्रकारांसमोर तो स्वतःच स्वतःचं मूल्यमापन सांगत बसला. स्पर्सचा पाचवा क्रमांक, मग करंडक. मला जिथे जिथे वेळ मिळाला तिथे गोष्ट करंडकावरच संपली, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी चेल्सीने ३–० ने हरवलं. सामना संपून वीस मिनिटं होण्याच्या आत क्लबने त्याला काढल्याचं जाहीर केलं. एकूण ३९ दिवस, आठ सामने, विजय शून्य.

सोमवारी स्पर्सवाला डबा उघडता उघडता म्हणाला, “त्या लोकांनी बिल्बाओपासून मोजायला हवं होतं.”

“नॉटिंगहॅमच्या लोकांनी कशाला?” मी म्हटलं. “तुमच्या लोकांनी तरी कुठे मोजलं?”