मरुभूमींतील चाकोरी

जेसलमीरभोंवतालचा थरचा प्रदेश म्हणजे केवळ वाळूचा समुद्र, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः वाळूच्या टेकड्यांखेरीज खडकाळ माळ आणि गवताळ सपाटीही तेथें विपुल आहे. गेल्या पौषांत आम्ही घरचीं चौघें त्या मुलखांत एक दिवस जीपगाडीनें हिंडलों.

प्रथम कुलधरा लागलें. पालीवाल ब्राह्मणांचें हें गांव १९ व्या शतकांत ओस पडलें. वर्षाकाठीं जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागांत त्या लोकांनीं 'खडीन' नांवाची पद्धत रूढ केली. उताराच्या तळाशीं मातीचा लांबलचक बांध घालून माळावरून वाहत येणारें पाणी अडवावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि त्या ओलीवर गहूं-हरभरा पिकवावयाचा. बांधाआडचें तसलें हिरवें शेत आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें.

पुढें सडक सुटली. गाडीवानानें उतरून चारी चाकांतील जवळजवळ निम्मी हवा सोडून दिली. घट्ट चाक वाळू कापून आंत रुततें. सैल चाक उंटाच्या पावलासारखें पसरून वर राहतें. टेकडीची वाऱ्याकडील बाजू सौम्य उताराची व कठीण, तर पलीकडील उभी व भुसभुशीत असते. म्हणून चढण्यापूर्वीं तो पायीं माथ्यावर जाऊन पलीकडचा उतार पाहून येई, आणि मगच गाडी सरळ वर घाली; कारण तिरकी घातल्यास ती कलंडावयाची. एकदां मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. त्यानें तत्काळ वेग काढून घेतला, हातांनीं वाळू उपसली, आणि आल्या चाकोरीनेंच गाडी मागें घेतली.

गवताळ माळ लागतांच मात्र हा धाडसी पुरुष जुन्या चाकोरींतून तसूभरही ढळेना. "एवढी मोकळी जागा आहे, मग सोडा ना भरधाव!" असें आमचा नातू म्हणाला. त्यावर तो उत्तरला, "बाळ, वाळूवरचा माग वारा पुसून टाकतो, येथला वर्षानुवर्षें राहतो. हें सेवण गवत म्हणजे आमच्या गाईंचा चारा. शिवाय येथेंच गोडावण अंडें घालतो."

गोडावण म्हणजे आपला माळढोक. याच पक्ष्यासाठीं सोलापूरजवळील नान्नजला १९७९ सालीं अभयारण्य झालें. तरी आपल्याकडे तो आतां दिसेनासाच झाला आहे. जगांत २०० देखील उरलेले नाहींत, आणि बहुतेक सारे या थरमध्येंच. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्या जमिनीवर. मातीच्या रंगाचें तें अंडें धांवत्या गाडींतून कोणास दिसणार?

मुलांस चाकोरी सोडावयास शिकविण्यांत आमचा जन्म गेला. परंतु ती कोठें सोडूं नये हेंही शिकविलें पाहिजे, हें त्या गाडीवानाच्या वर्तनावरून पटलें.

सायंकाळीं सडकेवर येतांच त्यानें चाकांत पुन्हां हवा भरली. एव्हांना टेकड्यांवरील आमच्या रेघा वाऱ्यानें पुसट झाल्या असतील. माळावर तर आम्हीं नवी रेघ उमटविलीच नव्हती.